कात्री कोणाच्या हातात?

आमच्या सूतगिरणीत, रिंग खात्यात, माझ्या शेजारच्या साच्यांवर एक जोडीदार आहे. नगरकडचा. ख्रिस्ती. त्याचं आणि माझं आडनाव एकच. त्याचा पणजा मिशनच्या काळात ख्रिस्ती झाला, माझा आजा छप्पन साली बौद्ध झाला. त्याआधी दोघांचीही घरं गावाबाहेरच होती, ते वेगळं सांगायला नको.

रात्रपाळीला जेवणाची सुट्टी झाली की हा मोबाईलवर पवित्र शास्त्र उघडतो. चर्चला मात्र जात नाही. आमची साप्ताहिक सुट्टी फिरती. रविवार कधीतरीच वाट्याला येतो, आणि आला तरी हा झोपून काढतो. मी एकदा त्याला डिवचलं, "मंडळीत जात न्हाईस आन् पुस्तक वाचतोस. मग तू ख्रिस्ती कसला?" तो भाकरी मोडत म्हणाला, "चर्चात पाळक वाचतो आन् मी ऐकतो. हितं मी वाचतो."

या एका उत्तराने मला महिनाभर झोप दिली नाही. हा लेख त्यातनंच निघाला. मी समीक्षक नाही. बारावीला शाळा सुटली. इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन शिकलो, त्यामुळे एक पुस्तक वाचायला मला चार महिने लागतात. चुकलं तर सांगा. फक्त मास्तरकीच्या सुरात सांगू नका.

आता मुद्द्यावर येतो.

माझ्या जोडीदारासारखी माणसं अमेरिकेत बरीच झालीत असं आकड्यांवरून दिसतं. गॅलप नावाची पाहणी करणारी संस्था तिथल्या लोकांना वर्षानुवर्षं विचारत आलीय, तुम्ही कुठल्या चर्चचे, सिनेगॉगचे किंवा मशिदीचे सभासद आहात का? १९३७ साली ७३ टक्के लोक हो म्हणाले. १९९९ साली ७० टक्के. २०२० साली ४७ टक्के. म्हणजे पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली. दर आठवड्याला किंवा जवळपास दर आठवड्याला प्रार्थनेला जाणारे वीस वर्षांपूर्वी ४२ टक्के होते, ते २०२१ ते २०२३ या काळात ३० टक्क्यांवर आले. आणि त्याच देशात २०२४ च्या पहिल्या दहा महिन्यांत बायबलची विक्री आदल्या वर्षापेक्षा २२ टक्क्यांनी वाढली. बाकी सगळी छापील पुस्तकं मिळून एक टक्कासुद्धा वाढली नव्हती. ब्रिटनमधेही बायबलची विक्री पैशांत मोजली तर २०१९ ते २०२४ या पाच वर्षांत ८७ टक्क्यांनी वाढली.

बाकडी रिकामी होत गेली आणि पुस्तक खपत गेलं. यावर पांढरपेशा मंडळींची दोन मतं ठरलेली आहेत. एक म्हणतो, धर्म मेला, बाजार उरला. दुसरा म्हणतो, बघा, माणूस परत श्रद्धेकडे वळला. दोघंही घाईत आहेत. प्यू या दुसऱ्या संस्थेच्या मोठ्या पाहणीत अमेरिकेत स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे २००७ साली ७८ टक्के होते, ते २०२३-२४ मधे ६२ टक्के भरले. शेवटची काही वर्षं ही गळती थांबल्यासारखी दिसते, एवढंच. थांबणं म्हणजे परत येणं नव्हे. आणि पुस्तक विकत घेणं म्हणजे वाचणंही नव्हे. हे आपल्याला वेगळं कशाला सांगायचं? 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' आपल्या किती घरांत लाल कापडात बांधून फळीवर ठेवलेला आहे, ते ज्याने त्याने आपल्या घरी जाऊन बघावं. मी माझ्या घरी बघितलं. धूळ होती.

माझा प्रश्न सरळ आहे. ग्रंथ कोण वाचतो, कोणासाठी वाचतो, आणि वाचताना काय कापतो? कारण धर्मग्रंथ सगळा कोणीच वाचत नाही. प्रत्येक जण कापून वाचतो. कात्री कोणाच्या हातात आहे त्यावर सगळं ठरतं. अशा तीन कात्र्या मी इथे तपासणार आहे.

१.

पहिली कात्री मालकाची.

१८०७ साली लंडनमधे एक बायबल छापलं गेलं. वेस्ट इंडीजच्या ब्रिटिश वसाहतींतल्या काळ्या गुलामांसाठी. 'निवडक भाग' असं त्याच्या नावातच आहे. पूर्ण प्रॉटेस्टंट बायबलात ११८९ अध्याय असतात, या पुस्तकात २३२ होते. जुन्या करारातला सुमारे नव्वद टक्के आणि नव्या करारातला साधारण निम्मा मजकूर गायब. आज त्याच्या तीनच प्रती माहीत आहेत. त्यातली एक अमेरिकेतल्या काळ्यांच्या फिस्क विद्यापीठाकडे आहे, आणि २०१७ पासून ती वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयात लोकांना बघायला ठेवली होती.

काय गाळलं ते बघा. निर्गमाच्या पुस्तकातली मोशेची गोष्ट गाळली. इस्राएल लोक फारोच्या गुलामीतून पळाले तो सगळा भाग गेला. सीनाय डोंगरावर देवाने आज्ञा दिल्या तो भाग तेवढा ठेवला. म्हणजे आज्ञा राहिल्या, सुटका गेली. दास आणि स्वतंत्र हा भेद ख्रिस्तात उरत नाही अशा अर्थाचं गलतीकरांच्या पत्रातलं वचन गेलं. शेजाऱ्याला फुकट राबवून घेणाऱ्याचा धिक्कार यिर्मया करतो, ते गेलं. प्रकटीकरण आख्खं गेलं. आणि ठेवलं काय? दासांनी धन्याचं ऐकावं असं सांगणारं इफिसकरांच्या पत्रातलं वचन. आणि योसेफाची गोष्ट, तो गुलाम म्हणून विकला गेला, इमानानं राबला आणि वर चढला.

मला हे पुस्तक फार महत्त्वाचं वाटतं. ज्याने कात्री चालवली त्याला बायबल नीट कळलं होतं. कुठल्या पानावर दारू ठासलेली आहे, कुठल्या पानाला बत्ती लागली तर मळा पेटेल, हे त्याला आपल्या कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त कळलं होतं. मालक हा ग्रंथाचा फार बारकाईनं वाचणारा वाचक असतो.

आपल्याकडे अशी आवृत्ती कोणी काढली नाही. गरजच पडली नाही. आपल्या धर्मशास्त्रकारांनी वेद शूद्राच्या कानावर पडणं हाच गुन्हा ठरवला होता. मग कापायचं काय आणि कशाला? तिकडे पुस्तक कापलं, इकडे कान बंद केला. म्हणून आपल्या माणसाने २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली, त्या जाळण्याला एक अर्थ होता. त्या पुस्तकात आपल्यासाठी लपवून ठेवलेलं एकही सुटकेचं पान नव्हतं. वेस्ट इंडीजच्या गुलामासाठी मात्र होतं, कापून ठेवलेलं. हा फरक लक्षात घेतला नाही तर आपण काळ्यांचं साहित्य आपल्या नजरेनं वाचतो आणि चुकतो. आपल्याकडे दलित साहित्याची आणि काळ्यांच्या साहित्याची तुलना पुष्कळ झाली. पँथरने १९७२ साली नावही तिकडूनच घेतलं. पण वेदना सारखी, नकार सारखा, असं म्हणून आपण थांबतो. नकार कशाला दिला आणि कुठल्या भाषेत दिला, हे बघायचं राहून जातं.

२.

दुसरी कात्री एका म्हातारीची.

हॉवर्ड थर्मन हा काळा धर्मचिंतक १८९९ साली जन्मला, फ्लोरिडात वाढला. त्याला मोठं केलं त्याच्या आजीने. तिचं नाव नॅन्सी अँब्रोज. ती गुलाम म्हणून जन्मलेली. तिला लिहितावाचता येत नव्हतं. नातू तिला आठवड्यातून दोन-तीन वेळा बायबल वाचून दाखवायचा. स्तोत्रं चालायची, यशया चालायचा, शुभवर्तमानं तर परत परत. पण पौलाची पत्रं ती वाचू द्यायची नाही. फार तर कधीमधी प्रेमावरचा करिंथकरांच्या पत्रातला तेरावा अध्याय. पोरगा कॉलेजात गेल्यावर त्याने धीर करून विचारलं, का गं आजी? तिने सांगितलं, गुलामीत असताना मालकाचा गोरा पाद्री वर्षातून काही वेळा यायचा आणि दरवेळी पौलाचंच काढायचा, दासांनो धन्याच्या आज्ञेत राहा. तेव्हाच तिने मनाशी ठरवलं होतं, कधी सुटले आणि कधी वाचायला शिकले, तर हा भाग वाचायचा नाही.

थर्मनने ही हकीकत 'जीझस अँड द डिसइन्हेरिटेड' या १९४९ च्या पुस्तकात सांगितली. पुस्तक छोटं आहे. मला त्यातली ही आजीच सगळ्यात मोठी वाटते. निरक्षर बाई, पण तिने दोन हजार वर्षांच्या धर्मपीठाने ठरवलेल्या ग्रंथावर कात्री चालवली. १८०७ च्या मालकाने जे ठेवलं ते तिने कापलं. त्याने जे कापलं ते तिने ठेवलं. आणि तिने ना बायबल सोडलं, ना येशू सोडला.

मी याला समीक्षा म्हणतो. आपल्याकडे समीक्षा म्हणजे रसग्रहण, आकृतिबंध, सौंदर्यमूल्य. ज्याच्या पाठीवर वळ आहेत त्याने पुस्तकाकडे बघून, हे वाक्य माझ्या पाठीवर मारलं गेलंय, हे मी घरात घेणार नाही, असं म्हणणं हीसुद्धा समीक्षाच. उलट पहिली समीक्षा हीच.

याच थर्मनचा आपल्याशी एक धागा आहे. १९३५-३६ साली तो काळ्यांचं शिष्टमंडळ घेऊन हिंदुस्थानात आणि सिलोनात आला होता. बारडोलीला गांधींना भेटला. पण त्याला जास्त झोंबला तो कोलंबोत एका वकिलाने विचारलेला प्रश्न. वकील म्हणाला, ख्रिस्त्यांनीच तुम्हाला गुलाम केलं, ख्रिस्तीच तुम्हाला झाडाला टांगतात, मग तुम्ही त्यांचा धर्म घेऊन इथे कसे येता? पुढचं पुस्तक हे या प्रश्नाचं उत्तर आहे. थर्मनचं म्हणणं असं, की येशू स्वतः गरीब, रोमच्या जोखडाखालचा, हक्क नसलेला यहुदी होता. भिंतीला पाठ लागलेल्या माणसाला तो काय सांगतो, एवढाच प्रश्न खरा. त्याच्या नावाने नंतर जे उभं राहिलं ते वेगळं. आमच्या जोडीदाराचं भाकरी मोडता मोडता दिलेलं उत्तर याच जातीचं आहे. त्याने थर्मनचं नावही ऐकलेलं नाही.

पुढे जेम्स कोनने ही आजीची रीत विद्यापीठात नेली. 'ब्लॅक थिऑलॉजी अँड ब्लॅक पॉवर' १९६९ चं. ब्लॅक पँथरचे दिवस. गोरं चर्च मुक्तीचं पुस्तक हातात धरून काळ्यांच्या विरुद्ध उभं आहे, असा त्याचा आरोप होता. २०११ च्या पुस्तकात तो क्रूस आणि काळ्यांना फासावर टांगण्याचं झाड शेजारी शेजारी ठेवतो, आणि विचारतो, एवढ्या विद्वान गोऱ्या धर्मपंडितांना हे साम्य कधी दिसलंच कसं नाही? प्रश्न बिनतोड आहे. दिसलं नाही, कारण त्यांच्या घरातलं कोणी त्या झाडाला टांगलेलं नव्हतं.

३.

आता जेम्स बाल्डविन. त्याला चर्च सोडलेला लेखक म्हणून आपल्याकडे नुसतं 'धर्मविरोधी' खात्यात टाकतात. मला हे पटत नाही.

बाल्डविन १९२४ साली हार्लेममधे जन्मला. सावत्र बाप धर्मोपदेशक. पोरगा चौदाव्या वर्षी स्वतः उपदेशक झाला, तीन वर्षं व्यासपीठावरून गर्जला आणि सतराव्या वर्षी चर्च सोडलं. 'द फायर नेक्स्ट टाइम' या १९६३ च्या पुस्तकात तो सांगतो, की व्यासपीठावर उभं राहणं नाटकात काम करण्यासारखं होतं, पडद्यामागची यंत्रं त्याला दिसत होती. रविवारच्या शाळेत भुकेल्या पोरांना, इथलं दुःख सोसा, वर मुकुट मिळेल, असं सांगताना आपण गुन्हा करतोय असं त्याला वाटायला लागलं. त्याने तो गुन्हा थांबवला. बस्स. यात बंडखोरीचा आव नाही, लाज आहे. आणि ती खरी आहे.

पण सोडलं काय आणि नेलं काय? त्याची वाक्यं वाचा. माझ्यासारख्या अडखळत वाचणाऱ्यालाही ते ऐकू येतं. 'आणि'ला 'आणि' जोडत वाक्य वाढत जातं, संदेष्ट्यासारखं धमकावतं, मग एकदम खाली येऊन हात धरतं. त्याने स्वतःच कबूल केलंय, की १६११ चं किंग जेम्स बायबल आणि रस्त्यावरच्या दुकानवजा चर्चमधलं बोलणं यातून आपली भाषा घडली. त्याच्या दोन मोठ्या पुस्तकांची नावंसुद्धा काळ्यांच्या भजनांतून घेतलेली. चर्चमधून पाय काढला, जीभ काढता आली नाही. काढायचं कारणही नव्हतं.

'गो टेल इट ऑन द माउंटन' ही १९५३ ची कादंबरी. १९३५ च्या मार्चमधल्या एका शनिवारी जॉन नावाचा पोरगा चौदा वर्षांचा होतो, त्या एका दिवसाची गोष्ट. त्याचा सावत्र बाप गॅब्रिएल याला शास्त्र तोंडपाठ आहे. ते तो चाबकासारखं वापरतो. स्वतःचं पाप, लग्नाबाहेर झालेलं आणि टाकून दिलेलं पोर, ते मात्र शास्त्राच्या आडोशाला लपवतो. उलट त्याची बहीण फ्लॉरेन्स. तिची श्रद्धा केव्हाच वाळून गेलीय. तरी त्या रात्री ती चर्चमधे येते, आणि तिच्या पिशवीत एक जुनं पत्र आहे, ज्यात गॅब्रिएलचं पाप लिहिलेलं आहे. म्हणजे बघा, एकाच छताखाली दोन मजकूर आहेत. एक देवाचा म्हणून भावाच्या तोंडात. दुसरा एका मेलेल्या बायकोने लिहिलेला, बहिणीच्या पिशवीत. मला दुसराच जास्त पवित्र वाटतो.

आणि जॉन? त्याने बापाला अंघोळ करताना उघडं बघितलंय, आणि त्याला नोहाच्या शापित पोराची गोष्ट आठवते. हीच गोष्ट काळ्यांना गुलाम करायला शेकडो वर्षं पुरावा म्हणून वापरली गेली. मालकाचं वाक्य पोराच्या डोक्यात जाऊन कसं बसतं ते बाल्डविनने इथे दाखवलंय. कादंबरीच्या शेवटच्या भागाचं नाव 'खळं'. धान्य मळायचं खळं. त्या चर्चच्या जमिनीवर जॉन रात्रभर पडतो, मळला जातो आणि उठतो. ज्याने खळ्यावर बैलामागं फिरून मळणी केलीय त्याला हे नाव कळायला टीपा लागत नाहीत. पण उठल्यावर जॉन सुटला की बापाच्याच जाळ्यात अडकला, हे बाल्डविन सांगत नाही. माझ्या मते तिथे तो मोठा आहे.

माझी तक्रार एकच. बाल्डविनला दोनच वाटा दिसतात. चर्चमधे राहून खोटं बोला, नाहीतर बाहेर पडून एकटे व्हा. थर्मनच्या आजीची तिसरी वाट त्याने घेतली नाही. बाहेर पडलेला लेखक पॅरिसला जातो. बाहेर पडलेली मोलकरीण कुठे जाणार?

कारण चर्च म्हणजे नुसता पाळक नव्हे, ती एक जागा पण होती. १९५५ च्या डिसेंबरात माँटगोमेरीच्या काळ्या लोकांनी बसवर बहिष्कार टाकला, तो ३८१ दिवस चालला. सभा चर्चमधे, वर्गणी चर्चमधे, गाड्यांची व्यवस्था चर्चमधून. त्या शहरात काळ्यांना हजार माणसं बसवायला दुसरी जागा कोण देत होतं? म्हणूनच १९६३ साली बर्मिंगहॅमच्या चर्चमधे बाँब ठेवला गेला आणि चार पोरी मेल्या. ठेवणाऱ्याला ठाऊक होतं ती जागा कशाची आहे. आज तिथल्या काळ्या तरुणांमधेही चर्चला जाणं त्यांच्या आजी-आजोबांपेक्षा कमी झालंय. त्यावर टाळ्या पिटणाऱ्याला मी विचारीन, मग आता सभा कुठे भरते? गिरणगावात १९८२ च्या संपानंतर गिरण्या गेल्या, चाळी गेल्या, आणि त्यांच्याबरोबर माणसं जमायची ठिकाणं गेली. माझा मामा सांगतो, पगार गेला ते कळलं, पण नाका गेला ते दहा वर्षांनी कळलं.

४.

तिसरी कात्री दुकानदाराची. ही आजची.

जागा रिकामी झाली की ग्रंथ गिऱ्हाईकाच्या हातात एकटा सापडतो. २०२४ च्या मार्चमधे डोनाल्ड ट्रम्प यांनी एका बायबलची जाहिरात केली. किंमत ५९ डॉलर ९९ सेंट. त्यात बायबलबरोबर एका देशभक्तीपर गाण्याचं धृपद, स्वातंत्र्याचा जाहीरनामा, झेंड्याची शपथ, अमेरिकेचं संविधान आणि बिल ऑफ राइट्स. वृत्तसंस्थांनी शोधून काढलं की हजारो प्रती चीनमधे छापल्या गेल्या, एका प्रतीला तीन डॉलरपेक्षा कमी खर्च आला. हा धंदा झाला. त्याचं मला नवल नाही.

मला दिसली ती कात्री. बिल ऑफ राइट्स म्हणजे पहिल्या दहा दुरुस्त्या. त्या पुस्तकातलं संविधान तिथेच थांबतं. अकरावीपासून पुढच्या नाहीत. तेरावी दुरुस्ती १८६५ ची, गुलामगिरी संपवणारी. ती नाही. काळ्यांना नागरिकत्व आणि मत देणाऱ्या दुरुस्त्या नाहीत. बायकांना मत देणारी नाही. १८०७ च्या पुस्तकात निर्गम नव्हतं, २०२४ च्या पुस्तकात तेरावी दुरुस्ती नाही. पहिलं मुद्दाम कापलं होतं. दुसरं मुद्दाम की गाफीलपणे, ते छापणाऱ्याला माहीत. कापलेलं पान मात्र एकाच माणसाचं आहे.

दुसरी एक कात्री यापेक्षा हळू चालते. मोबाईलवरचं बायबल रोज सकाळी एक वचन आपणहून पुढं सरकवतं. जगात सगळ्यात जास्त वापरलं जाणारं असं जे ॲप आहे, त्यावर २०२४ साली लोकांनी सगळ्यात जास्त धरलेलं वचन फिलिप्पैकरांच्या पत्रातलं होतं. चिंता करत बसू नका, देवापुढे मागणं मांडा, अशा अर्थाचं. २०२५ साली यशयातलं, भिऊ नको, मी तुझ्याबरोबर आहे, अशा अर्थाचं. मी याची टिंगल करणार नाही. माणसं घाबरलेली आहेत. नोकरीचा भरवसा नाही, दवाखाना परवडत नाही, रात्री झोप नाही. घाबरलेल्या माणसाला धीराचं वाक्य लागतं, मलाही लागतं. पण हे सुटं वाक्य त्याच्या पुढच्या-मागच्या पानापासून तोडलेलं असतं. तोच यशया गरिबाला लुबाडणारे कायदे करणाऱ्यांवर आग ओकतो. ते पान सकाळी सहाला कोणाच्या मोबाईलवर येत नाही.

म्हणून श्रद्धा परत आली का, हा प्रश्न मला अर्धा वाटतो. कसली श्रद्धा? झोप लागावी म्हणून घेतलेली, की जाग यावी म्हणून?

५.

आता पुन्हा माझ्या जोडीदाराकडे येतो.

माझ्याकडे जातीचा दाखला आहे, त्याच्याकडे नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ साली शीख आत आले, १९९० साली बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. महाराष्ट्रात त्याला ओबीसीत धरतात. उद्या गावात कोणी त्याला जातीवरून मारलं, तर मला जो अट्रॉसिटीचा कायदा लागू होतो तो त्याला होत नाही. मारणारा मात्र मारताना कोणता ग्रंथ वाचतोस असं विचारत नाही. त्याच्या चर्चमधेही आडनावं बघून सोयरिकी ठरतात, हे त्यानेच मला सांगितलं. म्हणजे सरकारने याला एका बाजूने कापला, मंडळीने दुसऱ्या बाजूने. मधे जो उरला तो रात्री अडीच वाजता मोबाईल उघडून बसतो.

मराठी बायबलात चर्चला शब्द आहे 'मंडळी'. मला हा शब्द मूळ इंग्रजीपेक्षा बरा वाटतो. त्यात दगड-विटा नाहीत, माणसं आहेत. पंडिता रमाबाईंनी केडगावला हिब्रू-ग्रीकवरून बायबलाचं मराठी केलं, ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर पूर्ण छापून निघालं. साध्या बायकांना कळावं ही त्यांची अट होती. म्हणजे आधी मंडळी डोळ्यापुढे ठेवली, मग भाषा ठरवली. आपल्याकडेही वर्षावासात विहारात बाबासाहेबांचा ग्रंथ मोठ्यानं वाचतात. तिथे म्हाताऱ्या बायका जास्त, पोरं कमी, आणि त्या पोरांत मीही नसतो. हे इथे लिहून ठेवतो, नाहीतर दुसऱ्यांच्या चर्चची बाकडी मोजायचा मला हक्क नाही.

परवा मी जोडीदाराला म्हटलं, तुझ्या रोजच्या वचनाचं राहू दे, निर्गमाचा पाचवा अध्याय काढ आन् मोठ्यानं वाच. १८०७ च्या पुस्तकातनं कापलेल्या पानांपैकी हे एक. मोशे फारोकडे जातो आणि मागतो काय? सुट्टी. रानात जाऊन देवाची पूजा करायला सुट्टी. फारो म्हणतो, तुम्ही आळशी झालात म्हणून पूजा सुचते. आणि हुकूम काढतो, विटांसाठी पेंढा देणं बंद, ज्याचा त्याने गोळा करावा, पण विटांचा आकडा तेवढाच. आकडा भरला नाही म्हणून इस्राएलांच्याच मुकादमांना मार बसतो.

आम्ही पाच जण ऐकत होतो. आमच्यात एक मुसलमान, एक मराठा, एक बिहारचा. त्या आठवड्यात कापूस हलका आला होता. धागा सारखा तुटत होता, हात सांधून सांधून सोलले होते, आणि किलोचा आकडा एक ग्रॅमने कमी केलेला नव्हता. जॉबरने त्यावरून शिव्या खाल्ल्या होत्या आणि आम्हाला दिल्या होत्या. वाचून झाल्यावर कोणी काही बोललं नाही. मग म्हातारा डॉफर, कुठल्याच देवळात न जाणारा, म्हणाला, "ह्ये कवाचं लिवलंय?"

जोडीदार म्हणाला, "लई जुनं हाय."

"मग फुडं काय झालं?"

तेवढ्यात भोंगा झाला. पुढचा अध्याय त्याने दुसऱ्या रात्री वाचला. आता ऐकायला आम्ही सात जण असतो. फिरती सुट्टी रद्द करून रविवार मागायचा का, यावर परवा पहिल्यांदा बोलणं निघालं. चर्चची हजेरी मोजणाऱ्यांच्या कागदावर आम्ही येणार नाही, बायबल विकणाऱ्यांच्याही नाही. आम्ही काही विकत घेतलेलं नाही.

मित्रांनो, तुमच्या खात्यात, तुमच्या वस्तीत, कोण कुठलं पुस्तक मोठ्यानं वाचतंय ते बघा. आणि ऐकताना, त्यातलं कुठलं पान गाळलंय ते विचारा.